पाच दिग्दर्शक आणि एक उचकी

आधीच सांगतो, हा 2006 चा डॅनियल क्रेगवाला 'कॅसिनो रॉयाल' नव्हे, 1967 चा, बॉन्डपटांचं विडंबन करणारा चित्रपट. मांडवीतल्या कॅसिनो बोटींशीही त्याचा काही संबंध नाही (शेजारच्या भाईंनी विचारलं म्हणून).

कथा सांगण्यात अर्थ नाही. निवृत्त सर जेम्स बॉन्ड, म्हणजे डेव्हिड निवन, पुन्हा कामावर येतो आणि शत्रूची दिशाभूल करायला सगळ्याच हेरांना 'जेम्स बॉन्ड' करून टाकतो. शत्रूचं सोडा, आपणच चक्रावतो. श्रेयनामावलीत पाच दिग्दर्शक आहेत, आणि एकाने काय केलं ते दुसऱ्याला कळलं असावं असं कुठेही वाटत नाही.

खरा माल आहे जुगाराच्या टेबलावर. समोरासमोर पीटर सेलर्स आणि ऑर्सन वेल्स. दोघांचं इतकं बिनसलं की सेलर्स वेल्ससोबत सेटवर उभा राहीना. मग बरंचसं चित्रण वेगवेगळं उरकलं. नीट बघा, बहुतेक वेळा चौकटीत एकटा हा, नाहीतर एकटा तो. वेल्स तर मध्येच जादूचे प्रयोग करतो! पुढे सेलर्स चित्रपटातूनच बाहेर पडला. परिणाम असा की व्हेस्परला (म्हणजे नायिका उर्सुला अँड्रेसला) पळवली म्हणून हा धावत बाहेर येतो, गाडीत बसतो आणि लगेच शत्रूच्या तावडीत खुर्चीला जखडलेला. मधलं सगळं गायब. मग भोकं बुजवायला निवनचे जास्तीचे प्रसंग घेतले. आमच्या जत्रेच्या नाटकात राजा ऐनवेळी आला नाही की प्रधान त्याचीही वाक्यं म्हणून मोकळा होतो, तसंच. मी दोन्ही कामं केलीत, त्यामुळे निवनबद्दल मला फार सहानुभूती वाटते.

हे मुद्दाम केलेलं नाही, म्हणूनच हसू येतं. 'बघा, आम्ही किती वाईट' म्हणत डोळा मारणारे नट मला दहा मिनिटांत नकोसे होतात. निवन एकदाही डोळा मारत नाही. शेवटी वुडी ॲलनच्या पोटात बॉम्ब, तो उचक्या देतोय, आणि कॅसिनोत घोड्यावरचे काउबॉय घुसतात. एवढ्यातही निवनच्या कोटाची घडी मोडत नाही.

एक जागा मात्र खरोखर सुंदर आहे. माशांच्या टाकीपलीकडे सेलर्स आणि उर्सुला अँड्रेस, आणि डस्टी स्प्रिंगफील्डचा आवाज. बर्ट बॅकरॅकच्या संगीतासाठीच मी एक तारा वाढवला.

131 मिनिटं एका दमात झेपणार नाहीत. स्कॉटलंडचा भाग लांबलाय, तेवढ्यात फिशकरी गरम करून घ्या. नेमका विनोद हवा असेल तर 1964 चा कृष्णधवल 'कॅरी ऑन स्पायिंग' घ्या. स्वस्तातला, पण कुठे थांबायचं ते त्याला कळतं. आणि निवन गोव्यात बघायचा असेल तर 1980 चा 'द सी वुल्व्हज'. 1943 मध्ये मुरगाव बंदरातल्या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या पोट सुटलेल्या साहेबांनी केलेली स्वारी, घडलेली गोष्ट. विडंबन म्हणून कोणी लिहून आणली असती तर मीच म्हटलं असतं, जरा आवरा.

तीन तारे.