बोलणारं पेन आणि घरातली चिनी : नऊ महिन्यांनंतर

आधी घरची परिस्थिती सांगते. राहतो नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला. नवरा तैवानचा, शिंचूचा, मी साताऱ्याची. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीनचा. मी मुलांशी मराठी बोलते, नवरा मँडरिन, आणि इथे चौथ्या वर्षी शाळा सुरू झाली की घरात डच घुसते. मुलीचं तेच झालं. बाबाने चिनीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं. त्यात बाबा येणार साडेसहाला, मुलं झोपणार आठला. म्हणून हे पेन मागवलं.

पेनच्या टोकाशी बारीक कॅमेरा असतो आणि पुस्तकाच्या पानांवर नजरेला जेमतेम दिसणारे ठिपके. पेन टेकवलं की त्या जागेचा आवाज वाजतो. अर्थात कुठलंही पुस्तक चालत नाही. त्या पेनसाठी छापलेलंच लागतं आणि त्याची फाइल पेनमध्ये भरावी लागते. आमच्या दोन पुस्तकांच्या फाइली शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत. विक्रेत्याला तीनदा लिहिलं, मग नाद सोडला.

पहिला महिना नव्याची नवलाई. मुलगा एकच कोंबडा शंभरदा आरवायला लावायचा. मुलीला गाणी पाठ झाली, पण बोलणं? शून्य. पेन उत्तराची वाट बघत नाही, तिथेच गाडी अडते. आणि चुकलं तर सांगतही नाही. चिनीत 'एक' म्हणताना वस्तूप्रमाणे मोजणीचा शब्द बदलतो. मुलगी सगळ्याला सरसकट 'यी गे' लावायची, माशालासुद्धा. माशाला 'यी थ्याओ' म्हणायचं हे तिला पेनने नाही, नायनायने, म्हणजे तिच्या बाबाच्या आईने शिकवलं. तेही न रागावता, तेच वाक्य बरोबर करून परत म्हणत.

खरा फायदा झाला तो माझा. तैवानच्या बालपुस्तकांत अक्षरांशेजारी झूयिन, म्हणजे उच्चार दाखवणारी चिन्हं छापलेली असतात, एकूण 37, ओठांचे उच्चार आधी, मग पुढचे. आपल्या वर्णमालेसारखी गटवार. पेनवर ऐकत ऐकत मीही शिकले. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना 'बी' लिहितात तो मुळात आपला 'प', आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला 'फ'. 'चिंच' म्हणून बघा: पहिला 'च' कोंबडीला चिनीत 'ची' म्हणतात त्यातला, दुसरा 'अक्षर' या अर्थाच्या चिनी शब्दातला. मराठी माणसाला हे फुकट मिळतं. सूर मात्र फुकट मिळत नाहीत. 'माय' खाली नेऊन म्हटलं की विकत घेणं, वरून खाली झटक्यात आणलं की विकणं. दुकान-दुकान खेळताना मी रोज उलटा व्यवहार करते आणि मुलं हसून लोळतात.

एक गोष्ट घेण्याआधी बघा: आवाज कुठला आहे. आमच्या काही पुस्तकांत चीनच्या मुख्य भूमीचे उच्चार निघाले. मुलीने व्हिडिओ कॉलवर कचऱ्याला 'लाजी' म्हटलं. तैवानमध्ये म्हणतात 'लस'. नायनाय क्षणभर गप्पच झाली.

पण पेनबरोबर आलेले कोरे स्टिकर! त्यांवर स्वतःचा आवाज भरता येतो. दिवाळीत नायनाय आली होती, तेव्हा तिने चाळीसेक स्टिकर भरून दिले. फ्रिजवर, बुटांच्या कपाटावर, घरच्यांच्या फोटोंवर. प्रत्येकात प्रश्न: आज काय खाल्लंस, बूट कुठल्या रंगाचे. मुलगी उत्तर देते, मोठ्याने, चिनीत, रिकाम्या स्वयंपाकघरात. फोटोंवरची नातीही तिला पटकन कळली. बाबाची बहीण 'कूकू', आईचा भाऊ 'चौचौ'. आत्या नि मामा ठाऊक असलेल्या पोरीला त्यात नवल ते काय? डचमध्ये सगळे आपले 'ओम' आणि 'तांते'.

आता रविवारच्या कॉलवर दहा मिनिटं तरी चिनी टिकते. मग डच. मुलाने पेनचं टोक चावलंय, तरी चालतंय. पुढच्या पार्सलात पुस्तकं नकोत. कोऱ्या स्टिकरची दोन पाकिटं मागवलीत.