सर्नेविट की व्हिटॅलिपिड: फरक ‘के’चा

शिरेतून पोषण घेणाऱ्या मोठ्या माणसाला जीवनसत्त्वं देण्यासाठी सर्नेविट आणि व्हिटॅलिपिड ही दोन इंजेक्शनं, हे दोन पर्याय. आकडे रोजच्या एका मात्रेचे. जीवनसत्त्व अ: सर्नेविटमध्ये ३५०० युनिट, व्हिटॅलिपिड एन ॲडल्टमध्ये ३३००. ड: २२० आणि २००. ई दोन्हीकडे साधारण ९-१० मिलिग्रॅम. इथवर वाद घालण्यासारखं काही नाही.

खरी गोम ‘के’ची. व्हिटॅलिपिडच्या १० मिलिलिटरमध्ये ते १५० मायक्रोग्रॅम असतं, सर्नेविटमध्ये शून्य. ‘के’ रक्त गोठायला मदत करतं, म्हणून रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्यांसाठी हा शून्य सोयीचा वाटतो. पण सोयाबीन तेलाच्या फॅट इमल्शनमधूनही (शिरेतून चरबी द्यायचं मिश्रण) थोडं ‘के’ जातंच, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी) तपासणं सुटत नाही. सर्नेविट घेणाऱ्या बाकीच्यांना ‘के’ वेगळं द्यायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

हाताळायला मात्र सर्नेविट सुटसुटीत: कोरडी पावडर, ५ मिलिलिटर पाण्यात विरघळवा, बी-गट आणि सी त्यातच. व्हिटॅलिपिड दुधासारखं पांढरं. ते फॅट इमल्शनमध्ये मिसळायचं, नुसत्या सलाईनमध्ये नाही. शिवाय पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांसाठी सोल्युव्हिट हे दुसरं इंजेक्शन वेगळं. सोयाची ॲलर्जी असेल तर दोन्ही बाद.

लांबचा पल्ला असेल आणि वॉरफेरिन नसेल, तर मी व्हिटॅलिपिडच घेईन. पिशवीवर उजेड अडवणारं आवरण दोन्हीकडे हवं. उजेडात ‘अ’ पटकन नासतं.