ह्यूगो आठ महिने वापरल्यावर

कोल्हापुरात चप्पल लाईनला माझ्या मामांचं चपलांचं दुकान आहे. त्यांची साइट मी आधी फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) आणि जिंजा२ (साच्यात माहिती भरून पान बनवणारं टेम्प्लेट इंजिन) वर केली होती. गिऱ्हाइकानं पान उघडलं की सर्व्हर डेटाबेसमधून माल काढणार, जिंजा तो साच्यात भरणार, मग पान जाणार. कापशी चपलेचा दर वर्षातून दोनदा बदलतो आणि तेवढ्यासाठी सर्व्हर चोवीस तास जागा! जूनमध्ये सगळा कॅटलॉग ह्यूगोवर, म्हणजे सगळी पानं आधीच बनवून ठेवणाऱ्या जनरेटरवर, आणला.

‘जनरेटर घेऊ की टेम्प्लेट इंजिन?’ असं बरेचजण विचारतात. पण जनरेटरच्या पोटात इंजिन असतंच. जेकिल या जनरेटरमध्ये लिक्विड, पेलिकनमध्ये जिंजा२, ह्यूगोत गो भाषेचं. आपण ठरवायचं ते पान कधी बनवायचं: माल बदलला की एकदा, की गिऱ्हाईक येईल तेव्हा दरवेळी?

ह्यूगो म्हणजे एकच फाइल, एनपीएमनं जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवायची भानगड नाही. जुलैच्या पावसात दोन दिवस नेट गेलं, तरी लॅपटॉपवर काम अडलं नाही. बिल्ड, म्हणजे सगळी पानं बनवणं, तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं.

त्रास दिला तो टेम्प्लेटमधल्या डॉटनं, म्हणजे ‘सध्या हाती असलेली गोष्ट’ दाखवणाऱ्या टिंबानं. मापांच्या यादीवर रेंज (यादीतलं एकेक घेणारी आज्ञा) लावली की आत डॉट म्हणजे ते माप, चप्पल नव्हे. तिथं चपलेचं नाव मागितलं की एरर. डॉलरचं चिन्ह लावून मूळ पानाकडं जायचं, हे उमगायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. जिंजात ही अडचण कधी आली नव्हती.

दिवाळी पाडव्याचा किस्सा तर विसरणार नाही. नव्या मालाच्या पानावर पाडव्याची तारीख घातली, रात्री साडेबाराला बिल्ड केलं, आणि पान गायब! एररही नाही. तारखेसोबत टाइमझोन नसेल तर ह्यूगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) धरतो. म्हणजे आपल्याकडं पहाटे ५:३० पर्यंत ते पान ‘उद्याचं’, आणि पुढच्या तारखेची पानं तो आपणहून वगळतो. कॉन्फिगमध्ये एशिया/कोलकाता लिहिल्यावर सुटलं. हे पहिल्याच दिवशी लिहून टाका.

फाइलची नावं मराठीत ठेवली होती. लिंक कॉपी केली की मराठी अक्षरांचे %E0 सारखे कोड होतात आणि ‘पायताण’ या एका शब्दाची ५४ अक्षरं होतात, मामा व्हॉट्सअॅपवर पाठवणार कसे? आता स्लग (लिंकमधलं पानाचं नाव) रोमनमध्ये हातानं लिहितो. आणखी एक, ह्यूगोच्या ०.१४६ आवृत्तीत टेम्प्लेटच्या फोल्डरची रचना बदलली. जुनी थीम असेल तर चालत असलेली आवृत्ती उगाच बदलू नका.

मापाप्रमाणे शिवायला दिलेल्या जोडाची स्थिती मात्र अजून फ्लास्क-जिंजावरच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं, ते आधी बनवून ठेवता येत नाही.

आता गुजरीतल्या एका सराफाचं काम आलंय. सोन्याचा दर रोज हलतो, तरी तिथंही जनरेटरच वापरणार, दर बदलला की पुन्हा बिल्ड. फक्त ह्यूगोऐवजी इलेव्हन्टी हा जनरेटर, नन्जक्स या टेम्प्लेट इंजिनसह. साइट पुढं मामेभाऊ सांभाळणार आहे, त्याला जिंजा येतं, आणि नन्जक्सची धाटणी जिंजावरूनच घेतलेली आहे.