आदिवासी भाषेचा सहा महिन्यांचा कोर्स: शिकवणाऱ्या सरांना पाच स्टार, बजेटला एक

युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाहीये, सर्टिफिकेट अजून हातात पडायचंय. शनिवार-रविवारचा कोर्स, मुलगी हॉस्टेलला गेली, घर रिकामं, म्हटलं करून बघू. आमचं घर दांडिया बाजारात, चार पिढ्या बडोद्यात, आणि छोटा उदेपूर २०१३ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, तरी मला राठवीचा, म्हणजे तिथल्या राठवा आदिवासींच्या भाषेचा, एक शब्द येत नव्हता. लाज वाटली खरं तर.

आधी चांगलं सांगते. राठवी शिकवणारे सर स्वतः राठवा, आणि असं शिकवतात की दोन तास कुठे गेले कळत नाही. गुजराती येते म्हणून राठवी येईल असं समजू नका, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची फजिती करून दाखवलं, साधं वाक्य होतं आणि मी आत्मविश्वासाने चुकीचा अर्थ सांगितला, मागच्या बाकावर छोटा उदेपूरकडच्या कवांटची पोरं खो खो हसली. नंतर त्यातलीच एक माझ्याशेजारी बसायला लागली, मला बेन बेन म्हणत वही तपासून द्यायची.

पिथोरावाला दिवस तर विसरणारच नाही. मला वाटायचं पिथोरा म्हणजे घोडे काढलेलं छान पेंटिंग, वारलीसारखं, ड्रॉइंग रूममध्ये लावायचं. एक लखारा, म्हणजे पिथोरा करणारे, आले होते, त्यांनी सांगितलं की ही मानतेची गोष्ट आहे, नवस फेडायचा तेव्हा ओसरीच्या भिंतीवर लिहितात. हो, काढत नाहीत, लिहितात. कुमारिका मुली भिंत सारवतात, रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात, आणि शेवटी बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन सगळं बरोबर लिहिलंय का ते बघतो. तर अशा माणसाकडून आमच्या डिपार्टमेंटने उद्घाटनासाठी कॅन्व्हासवर ॲक्रिलिकमध्ये घोडे काढून घेतले. त्यांनी काढून दिले, पैसे घेतले, आणि जाता जाता हसून म्हणाले, हा पिथोरा नाही हं, चित्र आहे. ते आता एसी कॉन्फरन्स हॉलमध्ये टांगलंय.

आता त्या हॉलवर येते, कारण रिव्ह्यू लिहायला बसले ते त्याच्यामुळेच. बजेटची पुस्तिका वेबसाइटवर असते, कोणी उघडत नाही, माझे मिस्टर अकाउंटंट, त्यांना बसवलं आणि दोघांनी रविवारी दुपारी सेवउसळ खात वाचली. आदिवासी शिक्षणाच्या नावाने जे हेड आहे त्यात हॉलचं नूतनीकरण, डिस्प्ले स्क्रीन, परिषद, परिषदेच्या बॅगा. आणि आमचे सर कुठे? त्या हेडमध्ये नाहीतच. ते आकस्मिक खर्चात, तासाप्रमाणे मानधन, ज्या ओळीतून पाहुण्यांची शाल-श्रीफळं जातात त्याच ओळीत! दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत. मिस्टर म्हणाले, अगं हा माणूस यांच्या हिशोबात हाराबरोबर आहे.

रेकॉर्डिंग रूमही बांधलीय. काचेचं दार, भिंतीला फोम, माइकवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही कारण ऑपरेटरची पोस्टच मंजूर नाही. पोरांनी लग्नाची गाणी जिन्याखाली मोबाइलवर रेकॉर्ड केली.

फील्ड व्हिजिटची बस मंजुरीत अडकली, मग आम्ही सहाजणी आपापल्या खर्चाने छोटा उदेपूरकडची, तेजगढची आदिवासी अकादमी बघून आलो. गणेश देवींनी आमच्या सयाजीराव युनिव्हर्सिटीतली इंग्रजीची प्रोफेसरी सोडून काढलेल्या 'भाषा' संस्थेची ती. जाऊन याच.

त्या कवांटच्या मुलीची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप (दहावीपुढच्या शिक्षणाला सरकार देतं ती) पहिली टर्म संपली तरी आली नव्हती, मेसवाला रोज विचारायचा, मग ती शनिवारी डबा न आणता यायची आणि भूक नाही म्हणायची. मला कळायला तीन आठवडे लागले. युनिव्हर्सिटीने असल्या मुलांसाठी आधी मेसचे पैसे भरून नंतर वळते करून घ्यायला काय हरकत आहे? परिषदेच्या बॅगा कमी करा दोन. सयाजीरावांच्या फोटोला प्रत्येक फंक्शनला हार घालता ना, त्यांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी बोर्डिंग काढलं होतं, म्हणजे राहायचं-जेवायचं आधी बघितलं, मग धडे. गुजरातेत २०११ च्या जनगणनेत १४.७५ टक्के लोक आदिवासी आहेत, पाहुणे नाहीत ते इथे.

कॅन्टीन बरं आहे, चहा गोड. पार्किंग भरपूर. टॉयलेट ठीकठाक.

एकूण तीन स्टार, तेही सरांमुळे. पुढच्या बॅचचे फॉर्म जूनमध्ये निघतात असं ऑफिसात सांगितलं. भरायच्या आधी खिडकीवर एकच विचारा, राठवीला तेच सर आहेत का. 'अजून ऑर्डर निघाली नाही' असं म्हणाले तर थांबा जरा, गेल्या वर्षी ती ऑर्डर तिसऱ्या शनिवारी निघाली आणि पहिले दोन शनिवार सर फुकट शिकवून गेले.