हिरवळ आणि लाल माती : टेनिसची दोन मैदाने

विम्बल्डनमध्ये १८७७ पासून हिरवळीवर खेळले जाते. ८ मिलिमीटर उंचीच्या त्या गवतावर चेंडू कमी उसळी घेत सरपटत येतो, त्यामुळे जोरकस सर्व्हिस करणाऱ्याला मोठा लाभ मिळतो. पॅरिसच्या रोलाँ गारोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या लाल मातीच्या मैदानावर, मात्र चुनखडीच्या थरावर विटांची बारीक पूड पसरलेली असते. तिच्यावर चेंडूचा वेग मंदावतो, फिरकीमुळे तो उंच उसळतो आणि एकेका गुणासाठी दीर्घकाळ झुंजावे लागते. राफेल नदालने तेथे १४ विजेतेपदे मिळवली, ती याच चिवटपणावर. माझ्या मते खेळाडूचा खरा कस मातीवरच लागतो. तरीही १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे दोन्हीकडे जिंकणाऱ्या ब्योर्न बोर्गचा पराक्रम मला अधिक थोर वाटतो, कारण पॅरिसनंतर अवघ्या काही आठवड्यांत त्याला आपला खेळ गवताशी जुळवून घ्यावा लागत असे.