एटिमऑनलाइन: 'नाईस'ची कुंडली बघायची असेल तर ही साईट

आपल्याकडे ग्रुपवर पुरणपोळीचा फोटो आला तरी नाईस, कुणाच्या बारशाचा आला तरी नाईस, इतका घासून घासून गुळगुळीत झालेला शब्द म्हणून मुद्दाम तोच एटिमऑनलाइनवर टाकून बघितला. डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन माणसाने उभी केलेली ही साईट, इंग्रजी शब्द टाकला की तो कुठून आला, लिखाणात साधारण कधीपासून सापडतो आणि वाटेत अर्थ कसकसा बदलला ते सांगते, तेही फुकटात.

तर नाईस मूळचा लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. त्यातला 'ने' म्हणजे आपलाच 'न' आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. फ्रेंचमधून १३०० च्या आसपास इंग्रजीत आला तेव्हा सरळ मूर्ख या अर्थाने वापरायचे, मग भित्रा, मग नको तितका चोखंदळ, मग नाजूक, मग बारकाईचा, आणि छान हा अर्थ यायला अठरावं शतक उजाडलं. तो बारकाईवाला अर्थ अजून पूर्ण गेलेला नाही, 'नाईस डिस्टिंक्शन' म्हणतात तेव्हा बारीक फरक असंच म्हणायचं असतं. सायन्स पण त्याच स्कीरेमधून आलाय, आणि मागे मागे जात राहिलं की कापणे, वेगळं करणे अशा अर्थाचं मूळ लागतं, ज्यातून छिन्नविच्छिन्नमधला 'छिद्' आला आणि (जेवताना वाचू नका) शिट पण!

थोडी सवय मात्र करावी लागते. नोंदी गच्च असतात, आणि शब्दाआधी चांदणी दिसली की ते रूप कुठे लिहिलेलं मिळालेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून बसवलंय असं समजायचं, हे माहीत नसेल तर नवखा माणूस गोंधळतो. आज शब्द कसा वापरायचा हे बघायला साधी डिक्शनरीच बरी, मुलांच्या होमवर्कला ही साईट देऊ नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत प्रत्येक अर्थाला जुनी वाक्यं मिळतात तशी इथे फारशी नाहीत, पण ती पूर्ण वापरायची तर सबस्क्रिप्शन लागतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो फॉरवर्ड तपासायला. न्यूज म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ, हे ज्ञान दर काही महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच, तर तसं काही नाहीये, तो 'न्यू'चा अनेकवचनासारखा वापर आहे, चौदाव्या शतकापासूनचा, नव्या गोष्टी या अर्थाचा. लिंक टाकली की ग्रुप दोन दिवस शांत. आणि हो, मंगूस शोधून बघा, तो आपल्या मुंगसावरून गेलाय.