फेअरमाँट एम-१९: गंजाला घाबरू नका, पाण्याची टाकी नीट बघा

दोन वर्षं खपलो हिच्यावर, आता कुठे धड चालायला लागलीय म्हणून लिहितोय. फेअरमाँट एम-१९ म्हणजे रूळ तपासायला जाणाऱ्या गँगची छोटी मोटर ट्रॉली, इथे अमेरिकेत तिला स्पीडर म्हणतात. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावात बनायची, कंपनीचं नावही तेच. पुढे रस्ता आणि रूळ दोन्हीवर चालणारे ट्रक आले आणि रेल्वेवाल्यांनी या ट्रॉल्या विकून टाकल्या, मग त्या आमच्यासारख्या येड्यांच्या शेडमध्ये आल्या.

इंजिन मात्र झकास! एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, वॉटर पंपही नाही. सिलिंडरभोवती पाण्याची टाकी, पाणी उकळून वाफ होत राहते तेवढंच कूलिंग, कमी झालं की वरून ओतायचं. क्लच म्हणजे पट्टा, लिव्हर ओढला की पट्टा ताणतो आणि गाडी निघते. आणि रिव्हर्स गिअरच नाही, इंजिनच उलटं फिरवायचं: जवळजवळ बंद पडू द्यायचं आणि नेमक्या क्षणी टायमिंगचा लिव्हर दुसरीकडे सरकवायचा, की झटका खाऊन उलटं फिरायला लागतं. हे जमायला मला महिना लागला, पण पहिल्यांदा जमलं तेव्हा शेडमध्ये एकटाच ओरडलो.

पिस्टन जाम होता, त्याचं काही वाटलं नाही. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल अर्धं-अर्धं करून दोन आठवडे ओतत राहिलो, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं आणि सुटला. बारक्या पार्टचा गंज वॉशिंग सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जर लावून काढला (बाहेर मोकळ्या हवेतच करा, हायड्रोजन निघतो, आणि चार्जरच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं).

रडवलं ते टाकीने. विकणारा म्हणाला इंजिन एकदम ओके आहे, नुसता पिस्टन सोडवा. पेंटही ताजा होता, तिथेच शंका यायला हवी होती. सगळं जोडून पाणी भरलं तर बाजूने पाझर, पेंट खरवडला तर खाली लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) आणि लांबीखाली चांगली वीतभर चीर. कुणीतरी थंडीत पाणी काढायचं विसरलं असणार, बर्फ झाला की फुगतो आणि टाकीच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) तेवढं पुरतं. साधं वेल्डिंग केलं तर उष्णतेने बीड शेजारीच तडकायची भीती, म्हणून शेवटी चिरेवर ओळीने भोकं पाडून त्यात पिना पिळून घेतल्या, थंडच, आता एक थेंब येत नाही. पण खर्च आणि वेळ दोन्ही गाडीच्या किमतीच्या वर गेलं. घेताना टाकीत पाणी भरून तासभर उभे राहा, विकणारा वैतागला तरी चालेल.

दुसरं म्हणजे क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीचे, सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिक्श्चर क्रँककेसमधूनच वर जातं, तिथे हवा शिरली की स्पार्क कितीही भारी असू दे, इंजिन चालू होत नाही. मी तीन रविवार स्पार्क देणाऱ्या कॉइलला शिव्या घालत बसलो होतो, बिचारीचा काही दोष नव्हता.

चालवायला मजा येते, पण आवाज फार, कानात बोळे हवेतच. अजून एक, चाकं अॅक्सलपासून इन्सुलेट केलेली असतात म्हणजे रुळांतून वीज खेळवणाऱ्या सिग्नलच्या सर्किटला ही गाडी दिसतच नाही, त्यामुळे रस्त्याच्या क्रॉसिंगला फाटक आपल्यासाठी पडत नाही, थांबून झेंडा दाखवावा लागतो. आणि कुठल्याही रुळावर परवानगीशिवाय चढायचं नाही, बंद पडलेली लाइन दिसली तरी तिला मालक असतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. पाचवा त्या लांबीवाल्याने खाल्ला. पुढच्या महिन्यात ब्रेकचे लाकडी गुटके बदलायचेत.